कूलरची टाकी आणि सहावं प्रमाणपत्र

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंचा फोन आला, "काऊन रे, साईट उघडूनच नाही राहिली. नुसती धोक्याची पाटी येते." काकू सरगुंडे, कुरडया, मूगवड्या ऑनलाइन विकतात, आणि वाळवणाच्या ऑर्डरींचे हेच दिवस. साईट मी सांभाळतो. बघितलं तर सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत आदल्या रात्री संपलेली.

हे प्रमाणपत्र म्हणजे समोरचा सर्व्हर खरोखर त्याच नावाचा धनी आहे, याची ब्राउझरला मिळणारी हमी. पूर्वी त्यासाठी बहुधा दरवर्षी पैसे मोजावे लागत. डिसेंबर २०१५ मध्ये 'लेट्स एन्क्रिप्ट' ही सेवा सर्वांना खुली झाली. अमेरिकेतली एक ना-नफा संस्था ती चालवते. प्रमाणपत्र फुकट, साधारण ९० दिवसांचं, आणि सगळं यंत्रायंत्रांतच ठरतं. आपला प्रोग्राम मागणी करतो, तिकडून निरोप येतो की अमुक पत्त्यावर अमुक फाईल ठेवून दाखव, फाईल दिसली की काम झालं. नूतनीकरणही हाच प्रोग्राम आपणहून करतो. काकूंच्या सर्व्हरवर तो मीच काही कामासाठी बंद केला होता आणि परत सुरू करायचा राहून गेला.

आज्ञा दिली, काही सेकंदांत नवं प्रमाणपत्र आलं. ब्राउझरमध्ये मात्र तीच पाटी. मी प्रमाणपत्राचं अख्खं फोल्डर उडवलं, पुन्हा मागवलं. पुन्हा पाटी. असं पाच वेळा. सहाव्यांदा तिकडून आलं ४२९, म्हणजे 'फार मागण्या झाल्या'.

गंमत अशी, की पाचही प्रमाणपत्रं ठणठणीत होती. वेब सर्व्हर, म्हणजे साईटची पानं पुरवणारा प्रोग्राम, सुरू होताना प्रमाणपत्र एकदा वाचतो आणि तेच धरून बसतो. डिस्कवर फाईल बदलली तरी त्याच्या गावी नसतं. त्याला 'रीलोड', म्हणजे फाईल पुन्हा वाच, म्हणायचं राहिलं होतं.

आता ही मर्यादा. एका प्रमाणपत्रात साईटची एक किंवा अनेक नावं असतात; तंतोतंत त्याच नावांच्या संचासाठी आठवड्याला ५ प्रमाणपत्रं. पण हा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपत नाही. कूलरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात पाच बादल्या पाणी मावतं आणि नळाला इतकी बारीक धार, की एक बादली भरायला सुमारे ३४ तास लागतात. सात दिवसांना पाचाने भागा, हिशेब जुळतो. मी भर दुपारी तासाभरात पाचही बादल्या उपसल्या होत्या. अभियंत्यांच्या भाषेत याला 'टोकन बकेट' म्हणतात. बादली तिथेही आहेच.

मग आधीच्याच पाचांपैकी एखादं का नाही वापरलं? इथे माझी खरी चूक. प्रमाणपत्रात फक्त सार्वजनिक किल्ली असते. तिची जोडीदार खासगी किल्ली आपल्याच सर्व्हरवर तयार होते आणि तिथून बाहेर जात नाही. लेट्स एन्क्रिप्टकडेही तिची प्रत नसते, तेच तर सुरक्षिततेचं मूळ. मी फोल्डर उडवलं तेव्हा किल्ल्याही गेल्या. प्रमाणपत्रं सार्वजनिक नोंदवहीत कुणालाही पाहता येतात, पण किल्लीवाचून ती नुसती कागदं. ती रद्द करून कोटा परत मिळत नाही. बादली उपसली ती उपसली.

सुटका मात्र नियमातच आहे. मर्यादा 'त्याच संचा'वर असल्यामुळे प्रमाणपत्रात आणखी एक नाव घातलं की संच बदलतो. मी एक उपनाव (साईटच्या मूळ नावापुढे टिंब देऊन लावलेलं आणखी एक नाव) जोडलं, प्रमाणपत्र मिळालं. त्याची मोजणी दुसऱ्या टाकीतून होते: एका नोंदणीकृत डोमेनला, म्हणजे साईटच्या मूळ नावाला, त्याच्या सगळ्या उपनावांसकट, आठवड्याला नवी ५० प्रमाणपत्रं. एखाद्या कॉलेजनं प्रत्येक विभागाच्या उपनावाला वेगळं प्रमाणपत्र मागवायला घेतलं तर हीसुद्धा आटते. एका प्रमाणपत्रात १०० पर्यंत नावं बसतात, ते मग बरं पडतं. फाईल दाखवण्याची परीक्षा पाच वेळा नापास झालात तर तासाभराची तिसरीच टाकी रिकामी होते. ती बारा मिनिटांना एक बादली या हिशेबानं भरते.

मला आधी हा कंजूषपणा वाटला होता. पण प्रत्येक प्रमाणपत्रावर खास सुरक्षित यंत्रातून सही होते, नोंदवहीत नोंद होते, आणि हे सगळं देणग्यांवर चालतं. माझ्यासारखा उतावीळ माणूस पाचावर थांबेल, बिघडलेली स्क्रिप्ट रात्रभर थांबणार नाही. अशांच्या सरावासाठी 'स्टेजिंग' नावाचा वेगळा सर्व्हर आहे. तिथे मर्यादा बऱ्याच सैल, प्रमाणपत्रं मात्र ब्राउझर मानत नाही. मी पहिल्या अपयशानंतर तिकडे जायला हवं होतं.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, "किती पैसे झाले रे?"

"फुकट असते ते, काकू."

"मंग एवढा वेळ काऊन लागला?"