फाइल हजर करणे आणि फाइल शाबीत करणे

दवाखान्याला कोर्टाचं समन्स आलं की पहिला फोन डॉक्टरांना जातो. "सर, तारीख लागलीय, जावं लागेल." डॉक्टर ओपीडी बंद करून तालुक्याला येतात, दुपारी तीनपर्यंत बाकावर बसतात, आणि मग कळतं की कोर्टाला ते नकोच होते, केसपेपर हवे होते. समन्सवर ते छापलेलंही असतं, पण वाचतो कोण!

समन्स दोन तऱ्हेचं असतं. एक साक्षीला बोलावणारं. ते सगळ्यांना ठाऊक आहे: शपथ, सरतपास, उलटतपास. दुसरं फक्त कागद हजर करण्याचं, आणि घोळ होतो तो इथे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १६, नियम ६ स्पष्ट सांगतो की असा कागद दुसऱ्याकरवी पाठवला तरी समन्स पाळलं गेलं. फौजदारीत तेच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ९१). म्हणजे रेकॉर्ड रूमचा माणूस फाइल घेऊन आला तरी भागतं.

तो माणूस नुसता फाइल आणल्याने साक्षीदार होत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम १४४ (जुन्या पुरावा कायद्यात १३९) म्हणतं की त्याला साक्षीदार म्हणून बोलावल्याशिवाय त्याचा उलटतपास घेता येत नाही. तरी आमच्याकडे एकदा अशाच क्लार्कला पिंजऱ्यात उभं करून शपथ दिली गेली. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "हे फ्रॅक्चर जुनं की नवं?" त्या बिचाऱ्याने पिशवी छातीशी धरून सांगितलं, "जुनं असेल साहेब." ते जबानीत उतरलं. नुकसानभरपाईच्या दाव्यात ती एक ओळ खोडायला मला पुढे हाडांचे डॉक्टर आणावे लागले.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि इथे चूक आम्हा वकिलांची. फाइल आली, निशाणी क्रमांक (कोर्ट कागदावर टाकतं तो नंबर) पडला, की पक्षकाराला सांगतात, "झालं, पेपर शाबीत." काही झालेलं नसतं. निशाणी पडली म्हणून कागद शाबीत होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच सांगून ठेवलंय. जखमेच्या दाखल्यावर 'साधी' की 'गंभीर' लिहिलंय, ते कशावरून, हे लिहिणाऱ्या डॉक्टरनेच सांगायचं. शवविच्छेदन अहवालाचंही तेच. समोरच्याने कागद मान्य केला, तशी पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दिली, तर डॉक्टरची गरज उरत नाही. फौजदारीत त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३० आहे. पण ही पुरसिस आधी मागायची असते. डॉक्टर येऊन बसल्यावर "आम्हाला मान्य आहे" म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

डॉक्टर वारले किंवा सापडतच नाहीत, तर त्यांनी रोजच्या कामात केलेली नोंद साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ खाली वाचता येते. मग त्यांचं अक्षर आणि सही ओळखणारा सहकारी बोलवा. रेकॉर्ड क्लार्क नव्हे. हो, त्याने रोज ती सही पाहिली असेल तर गोष्ट वेगळी.

मूळ प्रत की झेरॉक्स, यावर फार बोलत नाही: मूळ आणा, सही-शिक्क्याची नक्कल ठेवून मूळ परत मागा. स्वतःच्या कागदांसाठी पेशंटला समन्सही लागत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यायचे असतात. आंतररुग्णांचे कागद सांभाळायची सक्ती मात्र तीनच वर्षांची, म्हणून अर्ज लवकर टाका.

सीटी स्कॅनची सीडी असेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत हवंच. जालन्याच्या खोतकर–गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२० मध्ये ते पक्कं झालं. नव्या साक्ष्य अधिनियमात त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते. ती न घेता आलेली सीडी मी हल्ली दवाखान्याच्या माणसाकडेच परत देतो, पुढच्या तारखेला घेऊन ये म्हणून.