टर्बो बदलण्याआधी दाब मोजा
नवीन कात्रज बोगद्याचा चढ लागला की गाडी मरगळते, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी पिकअप येत नाही, आणि गॅरेजमध्ये लगेच निदान होतं: ‘टर्बो गेला.’ पुष्कळदा टर्बो ठणठणीत असतो. त्याने दाबलेली हवा इंजिनपर्यंत पोहोचण्याआधी वाटेतच निसटत असते.

सुरुवात स्कॅनरपासून, म्हणजे गाडीच्या सेन्सरचे आकडे आणि दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्रापासून करा. इग्निशन ऑन, इंजिन बंद. आता मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या दाबाचा आकडा वाचा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, म्हणून इथे तो ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास हवा. मुंबईत १०० च्या आसपास दिसेल. पुण्यात उभ्या गाडीत ८५ किंवा १०५ आला तर आधी सेन्सर आणि त्याचं वायरिंग तपासा, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप वाया जाईल. हा आकडा निरपेक्ष दाबाचा असतो, हेही ध्यानात ठेवा. चढावर १९५ दिसले तर त्यातले ९५ बाहेरच्या हवेचेच. टर्बोची कमाई फक्त १००, म्हणजे एक बार.

मग पहाटे रिकाम्या चढावर, एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने स्क्रीन वाचायची. तिसरा गिअर, १८०० आरपीएमपासून ३५०० पर्यंत पूर्ण थ्रॉटल. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, मागितलेला बूस्ट (मॅनिफोल्डमधला दाब) २१० आणि मिळालेला १५० असं अंतर कायम राहिलं, तर पी०२९९ हा अंडरबूस्टचा कोड का येतो ते उलगडलं. पण हा कोड दाब कमी पडल्याचं सांगतो, टर्बो खराब असल्याचं नाही.

आता होज. दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजला वरून काही दिसत नाही. चीर बहुधा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला असते आणि दाब आला तरच तोंड उघडते. होजच्या आत तेलाचा पातळ थर असणं सर्वसाधारण आहे. बाहेरून मात्र एखाद्या जोडावर तेल आणि धूळ मिळून काळा चिकट पट्टा दिसला, तर हवा तिथूनच निसटतेय असं समजा. टर्बोच्या तोंडाला बूच लावून अर्ध्या बारपर्यंतच हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे जागा दाखवतील.

ही गळती चालवून घेऊ नये. दाब कमी पडला की ईसीयू टर्बोला आणखी जोरात फिरायला लावतो, आणि छोट्या टर्बोचा शाफ्ट मुळातच मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. अशा गाडीवर रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं बदललेलं सॉफ्टवेअर, चढवणं म्हणजे टर्बोचा बळी देणं.

होज ठीक असेल तर ॲक्च्युएटर, म्हणजे दांडी सरकवून टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर व्हॅक्यूमचा हातपंप लावा: दांडी न अडखळता सरकली पाहिजे आणि पंपाच्या मीटरचा काटा जागेवर टिकला पाहिजे. काटा घसरला तर आतला पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटलाय. दांडी अडखळली तर डिझेलमध्ये काजळीने टर्बोतल्या हलत्या पात्या, म्हणजे व्हेन, अडकल्याची शक्यता मोठी. शहरातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये काजळी साचत राहते.

टर्बो सर्वांत शेवटी. इंजिन गार असताना इनटेकचा होज काढा आणि शाफ्टचं टोक बोटांनी हलवा. बाजूला किंचित हलणं दोष नाही, कारण साध्या बेअरिंगवरचा शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. आत-बाहेर हललेलं जाणवलं, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र तो संपला.

नवा बसवण्याआधी जुना का मेला ते शोधा. तेल आणणारी नळी कार्बनने अर्धी बुजलेली असते, किंवा परतीच्या नळीच्या तोंडाशी कुणीतरी फासलेलं सीलंट आत लोंबत असतं. परतीचा रस्ता अडला की तेल सीलमधून बाहेर पडतं आणि निळा धूर येतो. दोन्ही नळ्या साफ करा किंवा बदला, तेल-फिल्टर नवे घाला, टर्बोच्या फीडच्या, म्हणजे तेल आत येण्याच्या भोकात थोडं स्वच्छ तेल ओता, इंधन बंद ठेवून तेलाचा दाब येईपर्यंत इंजिन स्टार्टरने नुसतं फिरवा (क्रँक करा). मगच सुरू करा आणि पहिली काही मिनिटं आयडलवरच ठेवा.