पेम्फिगसच्या तपासणीला येताना

चिठ्ठीवर ‘पेम्फिगस’ (अंगावर, तोंडात फोड येण्याचा आजार) वाचलं की आमच्या लॅबच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला: “घरात कोणाला लागेल का?” नाही लागत. ताट-टॉवेल वेगळे करू नका. ही नागीणही नाही. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं डेस्मोग्लीन नावाचं प्रथिन असतं. शरीर त्याच्याच विरुद्ध अँटीबॉडी बनवतं, पेशींची पकड सुटते, मधे पाणी भरतं आणि फोड येतो. अनेकांचं आधी तोंड सोलतं, आणि सुरुवातीचे महिने दाताच्या दवाखान्यात जातात.

कुंपणच शेत का खातं? डेस्मोग्लीनवर डोळा असलेल्या टी पेशी (रोगप्रतिकारशक्तीतल्या पांढऱ्या पेशी) निरोगी माणसांतही सापडल्या आहेत, पण नियामक टी पेशी त्यांना दाबून ठेवतात. पेम्फिगसमध्ये हा वचक कमी पडतो. मग मोकाट टी पेशी अँटीबॉडी बनवण्याचं काम असलेल्या बी पेशींना फूस लावतात आणि अँटीबॉडीचा कारखाना सुरू होतो. स्टेरॉईड सगळ्यांनाच सरसकट दाबतं. रिटुक्सिमॅब हे औषध बी पेशींनाच टिपतं. काही महिन्यांनी नव्या बी पेशी येतात, म्हणून फोड सुकले तरी डॉक्टर पुन्हा आमच्याकडे पाठवतात. तोवर गोळ्या मनाने बंद करू नका.

बायोप्सीच्या, म्हणजे त्वचेचा तुकडा काढून तपासण्याच्या, बाटल्या दोन असतात. फोडाच्या कडेचा तुकडा फॉर्मलिन या द्रवात. दुसरा शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा, अँटीबॉडी टिकवून ठेवणाऱ्या मिशेल द्रवात. “चांगली कातडी कशाला कापली?” असं विचारणारे बरेच भेटतात. उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली आहे: त्याच तुकड्यात पेशींभोवती अँटीबॉडीची हिरवी जाळी चमकते, मासेमारीच्या जाळ्यासारखी. हा तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला की या तपासणीपुरता वाया. एकदा आमच्याकडे तसाच आला आणि त्या आजींना पुन्हा टाके पडले. तेव्हा बाटली हातात घेताना लेबल वाचा, लाजू नका.

रक्तात डेस्मोग्लीनच्या दोन प्रकारांविरुद्धच्या, १ आणि ३ च्या, अँटीबॉडी मोजतो. ३ चा आकडा बरं वाटत असतानाही वर राहू शकतो; नुसता रिपोर्ट पाहून घाबरू नका, अंगावर काय दिसतं ते डॉक्टरांना बघू द्या. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची तपासणी लागतेच, ती चुकवू नका.

अँटीबॉडीसाठी उपाशी यायला नको. पण स्टेरॉईड चालू असेल तर चिठ्ठीत बहुधा उपाशीपोटीची साखरही असते. तेव्हा सकाळचा चहा रक्त दिल्यावर.