टर्बो-डिझेल पिकअपची क्षमतावृद्धी

टर्बोचार्जर (इंजिनाबाहेर पडणाऱ्या निकासवायूंवर फिरून आत दाबाने हवा भरणारे यंत्र) असलेल्या डिझेल पिकअप ट्रकची शक्ती आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) कारखान्याने आखलेल्या मर्यादेपलीकडे नेण्यासाठी इंधनपुरवठा, हवापुरवठा व शक्तिवहन यांत केले जाणारे फेरबदल. व्यवहारात याला ‘ट्युनिंग’ म्हणतात. संगणकनियंत्रित इंजिनांच्या बाबतीत आपल्याकडे ‘रिमॅप’ हा शब्दही रूढ आहे. ही प्रथा मुख्यतः अमेरिका व कॅनडात वाढली. घोड्यांचे, जनावरांचे आणि गवताच्या गठ्ठ्यांचे ट्रेलर ओढणारा शेतकरी हा तिचा पहिला आश्रयदाता. शर्यतींचा शौकीन नंतर आला. डॉज रॅम पिकअपमधील ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन या क्षेत्रात सर्वाधिक अभ्यासले गेले आहे, म्हणून प्रस्तुत नोंदीत तेच मुख्य उदाहरण धरले आहे.

पूर्वेतिहास : टर्बोचार्जरचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये घेतलेले जर्मन पेटंट सामान्यतः आरंभबिंदू मानले जाते. मात्र त्यातील रचनेत संपीडक (हवा दाबणारा भाग), पिस्टन इंजिन आणि टर्बाइन (निकासवायूंच्या झोताने फिरणारे चक्र) ही एकामागोमाग जोडलेली होती. आजचा टर्बो इंजिनापासून सुटा असून केवळ निकासवायूंवर फिरतो; ब्युखीची मूळ रचना तशी नव्हती. त्यामुळे काही लेखक पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या इंजिनांवर टर्बो बसवणाऱ्या फ्रेंच अभियंता ऑग्युस्त रातो याला, तर अमेरिकन लेखक बहुधा जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस याला श्रेय देतात. मॉसने १९१८ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या पर्वतावर लिबर्टी या विमान-इंजिनाची चाचणी घेऊन विरळ हवेत टर्बो काय करू शकतो हे दाखवून दिले. या मतांपैकी कल्पनेचे श्रेय ब्युखीकडे ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण १९२० च्या दशकाच्या मध्यास निकासवायूंच्या स्पंदनांचा उपयोग करून घेणारी पद्धत त्यानेच यशस्वी केली, आणि डिझेल इंजिनात टर्बो खऱ्या अर्थाने रुजला तो तिच्यामुळे.

कमिन्स कंपनीचा टर्बोशी आलेला एक जुना संबंध येथे नोंदवण्याजोगा आहे. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० मैलांच्या शर्यतीत फ्रेड अगाबाशियन याने कमिन्सची टर्बो-डिझेल गाडी चालवून पात्रता फेरीत पहिले स्थान मिळवले. मुख्य शर्यतीत मात्र टायरांच्या रबराचा चुरा टर्बोच्या हवेच्या वाटेत साचला आणि गाडी ७१ व्या फेरीला बाहेर पडली. टर्बोला स्वच्छ हवा लागते, हा धडा तेव्हाचा आहे.

पिकअपच्या ट्युनिंगचा आरंभ नेमका केव्हा धरावा, हाही वादाचा विषय आहे. एका मतानुसार तो १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात झाला. जनरल मोटर्सचे ६.२ लिटरचे आणि फोर्डचे ६.९ लिटरचे डिझेल इंजिन तेव्हा टर्बोविना विकले जाई, आणि कॅलिफोर्नियातील गेल बँक्स यांच्यासारखे कारागीर-अभियंते त्यांना बाहेरून टर्बो जोडून देत. दुसऱ्या मतानुसार १९८९ मध्ये डॉजने कमिन्स इंजिन बसवलेला पिकअप आणला, तिथपासून मोजावे. पहिला प्रकार हा टर्बो ‘जोडण्याचा’ आहे. मुळात टर्बो असलेल्या इंजिनातून अधिक काम काढून घेण्याची विद्या दुसऱ्यापासून सुरू होते, असे मानणे बरे.

आधारभूत इंजिन : कमिन्सची बी मालिका १९८० च्या दशकाच्या आरंभी केस या शेतीयंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या भागीदारीत आखली गेली. सहा सिलिंडर एका ओळीत, व्यास १०२ मिमी, धाव १२० मिमी, बीडाचा जाड ठोकळा आणि साखळी किंवा पट्ट्याऐवजी दातेरी चाकांनी फिरणारा कॅमशाफ्ट. १९८९ च्या डॉजमध्ये हे इंजिन १६० अश्वशक्ती आणि सुमारे ५४२ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. ट्रॅक्टर-ट्रकसारख्या जड कामासाठी घडवलेला ठोकळा पिकअपमध्ये इतक्या थोड्या शक्तीवर चालत होता. म्हणजे त्याच्या अंगी बरेच बळ शिल्लक होते, आणि पुढचा सारा इतिहास या शिल्लक बळाचा आहे. १९९१ च्या मध्यास इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणारा भाग, आला. १९९४ मध्ये बॉशचा पी-७१०० हा ओळपंप (सिलिंडरांना दाबाने डिझेल पुरवणारा यांत्रिक पंप), १९९८ मध्ये प्रतिसिलिंडर चार झडपा व व्हीपी-४४ हा इलेक्ट्रॉनिक पंप, २००३ मध्ये कॉमन रेल (सर्व सिलिंडरांसाठी दाबाखालील डिझेलची सामाईक नळी) आणि २००७ मध्ये ६.७ लिटरचे इंजिन, असे पुढचे टप्पे आहेत.

याच कुळातील ६बीटी इंजिने जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये तयार होऊन टाटांच्या ट्रकांमधून आपल्या घाटांत वर्षानुवर्षे धावली आहेत. पुण्यात कोथरूडला १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, तिथून कमिन्सचे नाव मराठी कारागिरांच्या परिचयाचे आहे. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर व नोझल यांची ओळख तर नाशिकच्या मायको कारखान्यामुळे घरोघरी पोचली.

तत्त्व : शक्ती इंधनातून येते, टर्बोतून नव्हे, टर्बो ते इंधन नीट जळेल इतकी हवा पुरवतो. ५.९ लिटरचे इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर टर्बोविना जास्तीत जास्त ७,३७५ लिटर हवा ओढू शकते. बूस्ट, म्हणजे टर्बोने वातावरणाच्या वर चढवलेला दाब, २० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असेल तर हवा वातावरणाच्या सुमारे २.४ पट दाबाने आत जाते. पण दाबलेली हवा तापते. संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर २५° सेल्सिअसची हवा २० पीएसआयला सुमारे १४०° आणि ३५ पीएसआयला २००° च्या आसपास तापून बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, तेव्हा इंटरकूलर नसेल तर वाढवलेल्या दाबाचा बराचसा लाभ वाया जातो. १९९१ च्या आधीच्या गाड्यांत इंटरकूलर बसवणे ही पहिली सुधारणा मानतात, ती यासाठी.

डिझेल इंजिनाला हवा कमी पडली की ते बंद पडत नाही, धूर सोडते. वजनाने एक भाग डिझेलला साडेचौदा भाग हवा रासायनिक हिशेबाने पुरते. तरी सिलिंडरमध्ये दोन्ही पूर्ण मिसळायला वेळ मिळत नाही, म्हणून अठरा-वीस भागांच्या खाली गेल्यास काळा धूर दिसू लागतो. हा धूर म्हणजे न जळलेला कार्बन, अर्थात पैसे मोजून घेतलेले आणि फुकट गेलेले डिझेल. धुराला शक्तीची खूण समजणे ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी गैरसमजूत आहे.

पी-७१०० पंपावरील फेरबदल : १९९४ ते १९९८ या काळातील बारा झडपांच्या इंजिनाला या विद्येत अभिजात स्थान आहे, कारण त्यात संगणक नाही. सारे काही पान्याने आणि कानसेने होते. पंपातील दांडी, जिला रॅक म्हणतात, पुढे सरकली की डिझेल वाढते. ती कुठवर सरकावी हे पंपाच्या मागील भागातील गव्हर्नर (गतिनियंत्रक) ठरवतो. गव्हर्नरच्या घरात तळहातावर मावेल एवढी एक पोलादी पट्टी असते, तिला ‘फ्युएल प्लेट’ म्हणतात. तिची एक कड विशिष्ट वळणाची असते. इंजिनाची गती बदलते तशी गव्हर्नरमधील एका तरफेची नाकाडी त्या कडेवर वरखाली होते, आणि कड जिथे अडवते तिथे रॅक थांबते. थोडक्यात, इंजिनाचा टॉर्कचा आलेख कागदाऐवजी पोलादाच्या कडेवर कोरलेला असतो. पट्टी पुढे सरकवणे, तिची कड घासणे, दुसऱ्या क्रमांकाची पट्टी घालणे (क्रमांक १० विशेष लोकप्रिय) किंवा ती काढूनच टाकणे, असे चढत्या धाडसाचे उपाय आहेत. कड घासताना अर्ध्या मिलिमीटरची घाई झाली तरी खालच्या फेऱ्यांत धूर आणि वरच्या फेऱ्यांत ताप अशी दोन्हीकडून शिक्षा होते. म्हणून जाणकार मूळ पट्टी जपून ठेवतात आणि प्रयोग दुसरीवर करतात.

पंपावरच एएफसी नावाचा पडद्याचा डबा असतो. बूस्टचा दाब पडद्यावर आला की तो स्प्रिंगविरुद्ध सरकतो आणि रॅकला पुढे जाण्याची मुभा देतो, म्हणजे हवा आल्याखेरीज डिझेल वाढत नाही. स्प्रिंगचा ताण दातेरी चकतीने कमी केला तर गाडी लवकर उचल घेते, पण टर्बो फिरू लागण्याआधीच्या क्षणी धूर सोडते. या दोन्हींतला मेळ दर गाडीला वेगळा असतो, आणि तो कानाने व डोळ्याने लावावा लागतो.

गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलून फेऱ्यांची मर्यादा वाढवता येते. त्याआधी झडपांच्या स्प्रिंगा कडक कराव्या लागतात, नाहीतर झडपा वेळेवर मिटत नाहीत. इंजेक्शन काही अंश आधी सुरू केले तर इंधन अधिक पूर्ण जळते व निकासाचे तापमान उतरते. पण सिलिंडरमधील कमाल दाब चढतो आणि भार ठोकळा व वरचे हेड यांमधील सांधा बंद ठेवणाऱ्या हेड-गॅस्केटवर येतो. चाळीस पीएसआयच्या पुढे बूस्ट नेणारे हेडचे बोल्ट काढून त्या जागी अधिक मजबूत स्टड घालतात.

टर्बो : या गाड्यांवर होलसेट कंपनीचे टर्बो येतात. मूळची इंग्लंडमधील हडर्सफील्डची ही कंपनी १९७३ पासून कमिन्सकडे आहे. १९९४ नंतरच्या एचएक्स-३५ टर्बोकडून ३५ पीएसआयच्या आसपास काम घेता येते. त्यापुढे तो प्रमाणाबाहेर वेगाने फिरतो आणि हवेपेक्षा उष्णताच अधिक पुरवतो. मोठा टर्बो अधिक हवा देतो, पण उशिरा जागा होतो. ट्रेलर लावून चढावर थांबलेल्या गाडीला हा उशीर परवडत नाही. यावरचा उपाय म्हणजे लहान व मोठा टर्बो एकापुढे एक जोडणे. त्यांचे दाब-गुणोत्तर बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते : दोन आणि अडीच पट दाब देणारे दोन टर्बो मिळून पाच पट दाब देतात, आणि दोघांपैकी एकालाही मर्यादेबाहेर पळावे लागत नाही.

तापमान व मापक : निकासवायूंचे तापमान मोजणारा पायरोमीटर टर्बोच्या आधी, निकासवायू एकत्र आणणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये बसवावा. दीर्घकाळ सहन होईल अशी मर्यादा साधारणतः ६७५° ते ७००° सेल्सिअस सांगतात. त्यापुढे पिस्टनचे ॲल्युमिनियम मऊ पडू लागते. कोलोरॅडोत इंटरस्टेट ७० हा महामार्ग सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील आयझेनहॉवर बोगद्याकडे सात टक्क्यांपर्यंतच्या चढाने चढतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशावर आलेला असतो. सपाटीवर नीट चालणारे ट्युनिंग मागे ट्रेलर असताना अशा चढावर काही मिनिटांत काटा लाल रेषेपलीकडे नेते. अशा वेळी खालचा गिअर टाकून पाय हलका करणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून क्रम असा असावा : आधी मापक, मग अधिक मजबूत क्लच किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर, आणि सर्वांत शेवटी डिझेल. प्रत्यक्षात बहुतेकजण उलट दिशेने जातात आणि पहिल्या महिन्यात क्लच घसरू लागतो.

जुन्या बारा झडपांच्या इंजिनात ट्युनिंगच्या आधी एक तपासणी अनिवार्य आहे. पुढच्या गिअर-घराला जागेवर धरणारी एक लहान पोलादी डॉवेल पिन कंपनांनी सैल होत होत बाहेर येते. ती दातेरी चाकांमध्ये पडली तर घर फुटते, कॅमशाफ्टचा मेळ बिघडतो आणि चांगले इंजिन जागच्या जागी संपते. तिच्यावर बोल्टने आवळलेली एक छोटी पत्र्याची जीभ बसवली की धोका कायमचा टळतो. एवढ्याशा पत्र्याने वाचणारे इंजिन पाहता, ही दुरुस्ती न करता शक्ती वाढवणे अक्षम्य म्हटले पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक काळ : १९९४ च्या फोर्ड ७.३ लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये इंजिनाच्या संगणकाच्या मागील खाचेत एक लहानसा पट्टा घालून इंधनाचे कोष्टक बदलता येई. त्यावरून ‘चिप बसवणे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि पुढे चिप उरली नाही तरी टिकला. व्हीपी-४४ पंपाच्या डॉजमध्ये पंप त्यातून वाहणाऱ्या डिझेलनेच थंड व ओला राहतो. टाकीकडून डिझेल ढकलणारा लिफ्ट पंप दमला की महागडा पंपही जातो, म्हणून तिथे इंधनदाबाचा मापक पहिला लागतो. कॉमन रेलमध्ये रेलचा दाब, इंजेक्शनचा कालावधी, त्याची वेळ आणि बूस्ट ही सारी कोष्टके लॅपटॉपवर बदलता येतात. वेगाच्या दृष्टीने या काळाचा मानबिंदू म्हणजे २००२ मध्ये बँक्स यांच्या चमूने बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर डॉज डकोटा पिकअपमधील कमिन्स इंजिनावर गाठलेला ताशी सुमारे ३५० किमीचा विक्रम.

नियमन : अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार उत्सर्जन-नियंत्रक यंत्रणा काढणे किंवा निकामी करणे बेकायदा आहे. तरीही २००७ नंतरच्या गाड्यांतील काजळी-गाळणी काढून टाकण्याचा प्रघात पसरला. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० च्या अंदाजानुसार, आधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून अशी यंत्रणा काढली गेली होती. मुद्दाम काळा धूर सोडण्यावर न्यू जर्सीने २०१५ मध्ये आणि कोलोरॅडोने २०१७ मध्ये बंदी घातली. दोष एकट्या गॅरेजांचा नाही : २०१३ ते २०१९ च्या रॅम पिकअपमधील उत्सर्जन-सॉफ्टवेअरविषयीच्या आरोपांवरून खुद्द कमिन्सने १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरण्याची तडजोड केली. गाळणी शाबूत ठेवून केलेले संयत ट्युनिंग आणि गाळणी उपटून केलेले ट्युनिंग यांना एकाच नावाने ओळखले जाते. हा फरक शब्दातही यायला हवा.

भारतात इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या पिकअपच्या मालकांत रिमॅप व ट्युनिंग बॉक्स दोन्ही आढळतात. बॉक्स रेलच्या दाबाचा संवेदक आणि संगणक यांच्यामध्ये बसतो आणि दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे कळवतो, त्यामुळे संगणक दाब वाढवतो. बसवायला सोपा असला, तरी संगणकाला खरे आकडे कळत नाहीत हे त्याचे मोठे वैगुण्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वाहन वेगळे होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.