फेअरी क्वीन (वाफेचं इंजिन)

फेअरी क्वीन हे १८५५ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात किट्सन, थॉम्पसन अँड ह्यूइटसन कंपनीने बनवलेलं वाफेचं इंजिन. त्याच वर्षी ते जहाजाने कलकत्त्याला आलं, ईस्ट इंडियन रेल्वेने त्याला २२ नंबर दिला आणि हे नाव पडलं थेट १८९५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षं ते नुसतं 'बावीस नंबर' होतं. नशीब, कलकत्त्यालाच आलं, कारण आदल्या वर्षी याच रेल्वेची इंजिनं घेऊन निघालेलं जहाज चुकून ऑस्ट्रेलियाला गेलं होतं!

वजन साधारण २६ टन, म्हणजे आजच्या इंजिनांपुढे अगदी किरकोळ. चाकं सहा: पुढे दोन लहान, मागे दोन लहान आणि मधली दोन माणसाच्या उंचीची, सहा फूट व्यासाची. वाफेचा जोर फक्त त्या मधल्या जोडीलाच मिळतो, त्यामुळे सपाटीवर हलकी गाडी घेऊन छान पळणार पण जड डबे लावले किंवा रूळ ओले असले की चाकं जागच्या जागी गरगर फिरणार. पाण्याची टाकी वेगळ्या डब्यात नाही, इंजिनाच्याच पोटाखाली, त्यात जेमतेम ३००० लिटर, म्हणून वाटेत थांबून पाणी भरत जायचं.

आणि हे काय चावी फिरवली की चालू असं प्रकरण नाही. थंड बॉयलरमधलं पाणी तापून वाफ धरायला काही तास लागतात, म्हणून गाडी सकाळची असली तर शेडमध्ये भट्टी रात्रीच पेटवावी लागते. मग फायरमन फावड्याने कोळसा टाकतो, तोही नुसता ढीग ओतून चालत नाही, सगळीकडे सारखा पसरावा लागतो नाहीतर आग काळवंडते. एक डोळा बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर ठेवायचा, कारण भट्टीच्या माथ्यावरचं पाणी उतरलं तर पत्रा तापून बॉयलर फुटायची भीती. शिवाय पाण्यातले क्षार आत थर धरतात, ते मधूनमधून बॉयलर रिकामा करून धुवून काढायचे.

नोकरीची सुरुवात मात्र थाटात, हावडा ते राणीगंज या कोळशाच्या खाणींकडे जाणाऱ्या लाइनवर हलक्या मेल गाड्या ओढायच्या. १८५७ च्या उठावात त्याने इंग्रजांच्या फौजा राणीगंजपर्यंत पोचवल्या, पुढे रूळच नव्हते, तिथून बैलगाड्या. नंतर जास्त ताकदीची इंजिनं आली आणि याची रवानगी बिहारात नव्या लाइनच्या बांधकामावर झाली. माझ्या मते या बदलीनेच ते टिकलं, मेन लाइनवर राहिलं असतं तर कधीच भंगारात गेलं असतं. आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीची साहिब, सिंध, सुलतान ही तिन्ही इंजिनं आज बघायलाही उरलेली नाहीत.

१९०९ मध्ये निवृत्ती. मग हावड्याला चौथऱ्यावर उभं, १९४३ पासून उत्तर प्रदेशात चंदौसीच्या रेल्वे ट्रेनिंग स्कूलमध्ये आणि सत्तरच्या दशकात दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये. चेन्नईतल्या पेरांबूरच्या रेल्वे कारखान्याने दुरुस्त केल्यावर १९९७ मध्ये, तब्बल ८८ वर्षांनी, ते पुन्हा रुळावर धावलं, दिल्ली ते अलवर पर्यटकांना घेऊन, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. पुढच्या वर्षी नियमित चालणारं जगातलं सगळ्यात जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. २०११ मध्ये चोरांनी त्याचे बरेच भाग लांबवले, मग परत पेरांबूरची वारी.