‘डॉक्टर चांगले हो, पण स्टाफ?’ : बेळगाव सीमाभागातल्या दवाखान्यांची मागची गोष्ट

बेळगावात कुणाचं ऑपरेशन झालं की भेटायला येणारा पहिलं विचारतो, "कुठं केलासा?" आणि लगेच दुसरं, "बघून घेतात काय बरं?" डॉक्टरबद्दल आपली माणसं एका वाक्यात मोकळी होतात, हाताला गुण आहे म्हणाले की झालं. पण सिस्टर, ब्रदर, मावशी, वॉर्डबॉय, काउंटरवरचा पोरगा यांच्याबद्दल अर्धा अर्धा तास चालतं. कोण रात्री दोनला हाक मारल्यावर आली, कुणी सलाईन संपून नळीत रक्त वर आलं तरी बघितलं नाही, कुठल्या मावशीनं बेडपॅन देताना तोंड वाकडं केलं, हे सगळं वर्षानुवर्षं लक्षात राहतं. खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगड कुठंही जा, हेच. हे असं का झालं ते बघायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं, आणि सुरुवात बेळगावातनं नाही तर मिरजेतनं करावी लागते.

त्याआधी ऑपरेशन म्हणजे काय, तर मोडलेलं हाड हाडवैद्याकडं, गळू फोडायला न्हावी, बाळंतपण सुईणीकडं. ईथर देऊन माणसाला बेशुद्ध करता येतं हे अमेरिकेत १८४६ ला जगासमोर आलं आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात ते वापरलं गेलं, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. पण या गोष्टी घाटाखालच्या न् मोठ्या शहरातल्या, आपल्या भागातल्या साध्या माणसापर्यंत यायला अजून चाळीस-पन्नास वर्षं गेली.

मग आला विल्यम वानलेस. मूळचा कॅनडाचा, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा डॉक्टर, १८८९ ला भारतात आला, आधी सांगलीत होता आणि १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल उघडलं. त्याच सुमाराला पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा ही रेल्वे नवी नवी झालेली, त्यामुळं बेळगाव, गोकाक, रायबाग इकडचा पेशंट गाडीत बसला की मिरज स्टेशनला उतरायचा. ‘मिरजेला न्या’ हे वाक्य अजून आपल्याकडं बोललं जातं, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तर फारच, त्याचं मूळ तिथं आहे. वानलेसची डोळ्याची ऑपरेशनं खूप गाजली. आता मोतीबिंदू म्हणजे सकाळी गेला दुपारी घरी, पण तेव्हा टाके घालायची आतासारखी सोय नव्हती, त्यामुळं ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूला वाळूच्या पिशव्या, आणि मान न हलवता कित्येक दिवस उताणं पडून राहायचं. शिंक आली तरी भीती. खाणं भरवणार दुसरं कुणीतरी, लघवीचं भांडं देणार दुसरं कुणीतरी, कूस बदलायची तर तेही विचारून. डॉक्टरचं काम थोडक्या वेळात संपायचं आणि मग डोळा वाचणार का नाही हे सगळं नर्सच्या हातात. मला वाटतं आपल्या भागात स्टाफबद्दल एवढं बोललं जातं त्याचं बी इथं पडलंय, कारण पहिल्यांदा ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं त्यांनी डॉक्टरला मिनिटभर बघितलं आणि नर्सला दिवसभर ऐकलं, तेही डोळे बांधलेले असताना, नुसत्या आवाजावरनं.

वानलेसनं मेडिकल स्कूल काढलं, नर्सिंगचं ट्रेनिंग सुरू झालं, टीबीच्या पेशंटांसाठी १९२० च्या सुमाराला वेगळं सॅनिटोरियम झालं (वानलेसवाडी हे नाव त्यावरनंच), १९२८ ला त्याला सर ही पदवी मिळाली. सकाळची प्रार्थना, ठरलेल्या वेळीच भेटायला सोडणं, पांढरा युनिफॉर्म, फिनेलचा वास, ही मिशन दवाखान्यांची शिस्त पुढं इकडच्या खाजगी नर्सिंग होमांनी पण उचलली, प्रार्थना सोडून.

पण नर्स व्हायचं कुणी हा मोठा प्रश्न होता. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्रीची ड्युटी करायची, हे काम चांगल्या घरातल्या बाईचं नाही असं तेव्हाचं सरळ मत. म्हणून सुरुवातीला बहुतेक ख्रिश्चन मुली, आणि नंतर विधवा, टाकलेल्या बायका. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं १९०९ नंतर नर्सिंगकडं बायका वळवल्या, त्यानं थोडा मान आला. तरी १९४६ चा, आरोग्यसेवेवरच्या सरकारी भोर समितीचा रिपोर्ट सांगतो की अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्स होत्या सात हजारांच्या आसपास, म्हणजे ४३,००० माणसांमागं एक. मग पेशंटचं बघायचं कुणी? घरच्यांनी. भाऊ, सासू, मेहुणा, जो मोकळा असेल तो. दवाखान्याच्या आवारात तीन दगड मांडून स्वयंपाक, व्हरांड्यात चटई, सिव्हिलमध्ये हे कालपरवापर्यंत होतं आणि डबा तर आजही आहेच. आपल्याकडं पेशंटबरोबर माणूस लागतोच म्हणतात ते प्रेमामुळं आहे तसं कमी स्टाफमुळं पण आहे, आणि दवाखान्यांनी ते गृहीत धरून आपली माणसं कमीच ठेवली, हे माझं मत.

डॉक्टरीणबाईंचंही तसंच. आनंदीबाई जोशी १८८६ ला अमेरिकेतनं डिग्री घेऊन आल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डसाठी त्यांची नेमणूक झाली होती (तेच आताचं सीपीआर), पण रुजू व्हायच्या आधीच फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. बायकांना बाई डॉक्टर मिळणं ही पुढं कितीतरी वर्षं नशिबाची गोष्ट राहिली.

मधे प्लेग येऊन गेला. १८९६ ला मुंबई, मग पुणं, आणि दोनेक वर्षांत धारवाड-बेळगाव पट्टा. घरात घुसून तपासणी, माणूस उचलून छावणीत, गावाबाहेर झोपड्या. १८९७ चा साथरोग कायदा तेव्हाचाच, जो २०२० ला कोरोनात परत बाहेर काढला. सरकारी दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही ही भीती त्या काळात पक्की झाली आणि सिव्हिलबद्दलचा संशय पिढ्यान् पिढ्या उतरत आला. सिव्हिलमधल्या डॉक्टरांचा त्यात काय दोष.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं. राजकारण बाजूला ठेवू, त्यावर सगळ्यांनी पुष्कळ बोलून झालंय, पण वॉर्डात काय बदललं ते बघा. आधी सरकारी कागद इंग्रजी-मराठी-कन्नड असे मिसळलेले, नंतर हळूहळू कन्नड आणि इंग्रजी. बदली होऊन येणारी सिस्टर मंड्या-हासनकडची असू शकते, आणि खाटेवर खानापूरच्या जंगलपट्टीतली आजी, जिला कन्नडचं अक्षर येत नाही. १९५६ च्याच केंद्राच्या मेमोरँडममध्ये लिहिलंय की जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही छापाव्यात, पण ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म मराठीत बघायला मिळणं विरळाच. पोराला बोलावतात, "इथं सही करा, इथं, आणि इथं", झालं.

तरी एक सांगतो, वॉर्डातली भाषा कागदासारखी कडक कधीच नव्हती. पोटाचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडं, गॅस पास झाला का. तोवर तोंडानं पाणी नाही. सिस्टर केरळची, मावशी वडगावची, शेजारच्या खाटेवर बैलहोंगलचे गौडा, आणि आपला पेशंट येळ्ळूरचा. सिस्टर विचारणार, "गॅस आयता?" हा लाजून गप्प. मावशी मोठ्यानं, "आजोबा, वारा सरला काय विचारालेत!" पलीकडनं गौडा हसत म्हणणार, "आतु बिडरी, रात्रीच झालंय त्येंचं, मी ऐकलंय की!" अशा वॉर्डात दुखणं अर्धं कमी होतं. सिस्टर चांगली म्हणून सांगतात ती बहुतेक अशीच असते, तीन भाषांत चार चार शब्द येणारी.

१९६३ ला केएलई संस्थेनं (संस्था १९१६ ची) जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज सुरू केलं, जेएनएमसी. मुलांचं शिक्षण बरीच वर्षं सिव्हिलमध्ये चालायचं, मग नेहरूनगरला त्यांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल उभं राहिलं, आणि सिव्हिलला नंतर सरकारचं बिम्स कॉलेज जोडलं गेलं. त्यानं काय झालं, तर मिरजेची गाडी पकडणारा पेशंट बेळगावातच थांबायला लागला, उलट चंदगड, आजरा, सावंतवाडीकडचे लोक बेळगावला यायला लागले. कॉलेजचा दवाखाना म्हटलं की मात्र एका पेशंटभोवती दहा पोरं, प्रत्येकजण पोट दाबून बघणार. लोकांना हे आवडत नाही, पण रात्रीबेरात्री तुमच्यासाठी जागं असतं ते त्यातलंच एखादं पोर.

या भागातली एक गोष्ट जगात गाजली आणि आपल्यालाच माहीत नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन बायका जायच्या, आणि गावात इंजेक्शन ठेवायला फ्रिज नाही, द्यायला डॉक्टर नाही. २००२ ते २००५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत जेएनएमसीच्या लोकांनी १,६२० बाळंतिणींवर अभ्यास केला, निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, आणि द्यायच्या कुणी तर उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरनी. जादा रक्तस्राव १२ टक्क्यांवरनं ६.४ टक्क्यांवर आला. २००६ ला लॅन्सेट या मेडिकल नियतकालिकात छापून आलं. कच्च्या रस्त्यानं स्कूटीवर जाणाऱ्या, गावात ‘नर्सबाई’ एवढीच ओळख असणाऱ्या बाईनं हे केलं. पुढं २०१० ला कर्नाटकातल्याच एका प्रसूती केंद्रात डब्ल्यूएचओची २९ गोष्टींची यादी वापरून बघितली, आधी २९ पैकी सरासरी १० गोष्टी व्हायच्या त्या २५ व्हायला लागल्या. हात धुणं, बीपी बघणं असल्या साध्या गोष्टी, आणि त्यातल्या बऱ्याचशा सिस्टरच्या हातातल्या.

अशीच ऑपरेशनची यादी २००८ ची, १९ गोष्टींची. भूल द्यायच्या आधी विचारतात, तुमचं नाव काय, ऑपरेशन कशाचं, डावं का उजवं. आमच्याकडचे लोक घाबरतात, म्हणे यांनाच माहीत नाही होय! तर तसं नाही, सगळीकडं विचारायलाच पाहिजे, आणि नाही विचारलं तर आपण होऊन सांगावं.

कायद्यानं पण बरंच फिरवलं. १३ नोव्हेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टानं पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्यात आणले. त्यानंतर फॉर्म वाढले, सह्या वाढल्या, आणि खरं सांगायचं तर बोलणं कमी झालं. २००८ ला दिल्लीच्या एका बाईच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की पेशंट शुद्धीवर येऊन स्वतः हो म्हणू शकत असेल आणि लगेच जिवाला धोका नसेल तर आईची सही चालणार नाही. आपल्याकडं अजून नवऱ्याची नाहीतर मुलाचीच सही आधी मागतात, बाई समोर बसलेली असताना. आणि योगायोग बघा, बरोबर १३ नोव्हेंबरलाच, २०१७ ला, राज्यभरचे खाजगी डॉक्टर बेळगावात जमले, सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होत होतं आणि खाजगी दवाखान्यांवरच्या कायद्याला विरोध होता. पुढं राज्यभर ओपीड्या बंद, लोकांचे हाल. तुरुंगाची शिक्षा शेवटी वगळली, पण बिल बाकी म्हणून मयत अडवायची नाही हे कलम राहिलं, आणि पेशंटच्या हक्कांची सनद पण. ती सनद रिसेप्शनच्या भिंतीवर कुठंतरी असते, बहुतेक झाडाच्या कुंडीमागं.

पैशाचं सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. २००३ ला यशस्विनी योजना आली, सोसायटीच्या सभासद शेतकऱ्यानं वर्षाला ६० रुपये भरायचे आणि ऑपरेशन मोफत. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं अंगावर काढलेले हर्निया, पित्ताशयाचे खडे, गर्भाशयाची दुखणी तेव्हा पहिल्यांदा दाखवली. मग २०१० ची वाजपेयी आरोग्यश्री, २०१८ ला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, बीपीएल कार्डाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के. तेव्हापासनं दवाखान्यातला पहिला अनुभव सिस्टरचा पण राहिला नाही, तो योजनेचे कागद बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीचा झाला. आधार, रेशनकार्ड, सिव्हिलची रेफर चिठ्ठी, मंजुरी आली काय, नाही अजून, सर्व्हर डाऊन. पेशंट सकाळपासनं उपाशी ठेवलेला आणि मंजुरी संध्याकाळी, मग ऑपरेशन उद्यावर. शिव्या मात्र वॉर्डातली सिस्टर खाते, तिचा त्यात काडीचा संबंध नसतो.

सीमेवर याचा वेगळाच घोळ. चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ पण कार्ड महाराष्ट्राचं, निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ पण कार्ड कर्नाटकाचं. खानापूरवाले गोव्याला बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात जायचे, तिथं १ जानेवारी २०१८ पासनं गोव्याबाहेरच्यांना पैसे लागू झाले. २०२३ ला महाराष्ट्रानं महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं तर कर्नाटकानं हरकत घेतली आणि त्यावर दोन्हीकडं पत्रकबाजी झाली.

आणि स्टाफ कोण आहे तेही बदललंय. आधी सिव्हिलमधली मावशी कायम नोकरीतली, पेन्शनवाली, तिचा रुबाब डॉक्टरपेक्षा जास्त. आता मावशी, वॉर्डबॉय, सिक्युरिटी बरेचसे एजन्सीचे, कंत्राटी, पगार उशिरा. मुलगा झाला की पेढ्याचे पैसे मागतात त्याची चीड येते आणि यायलाच पाहिजे, पण पगारपत्रक बघितलं तर ते कुठनं येतं ते कळतं. कोरोनात, जुलै २०२० ला, सिव्हिलसमोर पेशंट गेल्याच्या रागात ॲम्ब्युलन्स जाळली गेली. दवाखान्यातल्या माणसांवर हात उचलू नये म्हणून कर्नाटकात २००९ पासनं वेगळा कायदा आहे, त्याची पाटी हल्ली कॅज्युअल्टीच्या दाराशीच लावतात, लाल अक्षरात, कन्नड आणि इंग्रजीत.