मोटार-स्मृतिवस्तूंचा संग्रह (खानदेश)

जुन्या मोटारींशी निगडित सुटे भाग, उपकरणे, कागदपत्रे आणि जाहिरातसाहित्य जमवणे, त्यांचा काळ ओळखणे व त्यांचे जतन करणे या छंदाला व अभ्यासाला मोटार-स्मृतिवस्तूंचा संग्रह म्हणतात. संग्राहकांमध्ये ‘ऑटोमोबिलिया’ हा शब्दही रूढ आहे. बॉनेटवरची बोधचिन्हे, रेडिएटरची झाकणे, रबरी फुगा दाबून वाजवायचे पितळी भोंगे, कार्बाईडचे (कार्बाईडवर पाणी पडून निघणाऱ्या वायूवर जळणारे) दिवे, नंबरप्लेट, पेट्रोल पंपावरच्या इनॅमलच्या पाट्या, तेलाचे डबे, माहितीपुस्तिका, परवाने, काचेवर चिकटवायची कराची टोकने, प्रवासी मोटारींची तिकिटे आणि खेळण्यातल्या गाड्या या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. जुनी गाडी बाळगायला जागा, पैसा आणि हाताशी चांगला मेस्तरी लागतो. या वस्तू मात्र शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या घरातल्या एका कपाटातही मावतात.

या छंदाची जागतिक बाजारपेठ प्रामुख्याने ब्रिटन, फ्रान्स व अमेरिकेत वाढली. सुरुवातीच्या मोटारींत रेडिएटरचे झाकण बॉनेटच्या पुढच्या टोकाला उघडे असे आणि त्यावर तापमापक किंवा शोभेची मूर्ती बसवीत. चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने घडवलेली रोल्स-रॉइसची ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ १९११ पासून वापरात आहे, तर फ्रेंच काचशिल्पी रने लालिक यांनी १९२५ पासून काचेच्या मूर्ती घडवल्या. त्या आज लिलावात सर्वाधिक स्पर्धा असणाऱ्या वस्तूंपैकी आहेत. इंग्लंडमधील ब्यूली येथे १९६७ पासून सुट्या भागांची व स्मृतिवस्तूंची मोठी जत्रा भरते.

जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशात या संग्रहाचे स्वरूप वेगळे आहे. या प्रदेशातली मोटार प्रामुख्याने कामाची गाडी होती. मुंबई–आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता धुळ्याला एकमेकांना छेदतात. पहिला सोनगीर व शिरपूरवरून मध्य प्रदेशात जातो, तर दुसरा नवापूर, साक्री, पारोळा, एरंडोल, जळगाव व भुसावळ ही गावे जोडतो. कापूस आणि केळी वाहणारे ट्रक, खासगी सर्व्हिस मोटारी व नंतरची एसटी, गावोगाव माणसे भरून नेणाऱ्या काळीपिवळी जीप, दुधाच्या किटल्या लटकवलेल्या राजदूत मोटारसायकली आणि तापी खोऱ्यातले ट्रॅक्टर यांनी इथला मोटारींचा इतिहास घडवला. त्यामुळे खानदेशातल्या संग्राहकाने काचेच्या मूर्तींच्या मागे लागण्यापेक्षा ट्रकमधली जॅकची पेटी, जीपचा जेरीकॅन, ट्रॅक्टरची तेलकट माहितीपुस्तिका आणि कंडक्टरचा तिकीट-पंच यांच्याकडे लक्ष देणे अधिक सयुक्तिक ठरते. या वस्तू किमतीने किरकोळ असल्या, तरी त्या जिथे वापरल्या गेल्या तिथेच मिळतात, आणि हे भाग्य महानगरातल्या संग्राहकाला क्वचितच लाभते.

वस्तूचा काळ ठरवणे हे या अभ्यासातले सर्वांत रंजक काम आहे, आणि त्यासाठी खानदेशातच पुष्कळ खुणा सापडतात. ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असा जिल्ह्याचा उल्लेख असलेला परवाना १९०६ मध्ये झालेल्या विभाजनानंतरचा असतो. त्यावर मुंबई राज्याचे शीर्षक असेल, तर तो १ मे १९६० पूर्वी छापलेला असावा असे मानता येते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून चलनात आली आणि सरकारी एसटी १ जून १९४८ रोजी सुरू झाली. म्हणून आण्यांत दर छापलेले एसटीचे तिकीट साधारण या दोन तारखांच्या दरम्यानचे ठरते. तेलाच्या डब्यावर गॅलन किंवा पाइंट हे माप असेल, तर तो बहुधा मेट्रिक पद्धत रुळण्यापूर्वीचा असतो. गॅरेजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पत्त्यापुढे ४२४ किंवा ४२५ ने सुरू होणारा पिनकोड असेल, तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे असू शकत नाही.

पेट्रोल पंपाच्या पाट्यांचा काळ कंपनीच्या नावावरून कळतो. एस्सो कंपनीचा भारतातला व्यवसाय १९७४ मध्ये सरकारने ताब्यात घेतला आणि त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली. बर्मा-शेलचे राष्ट्रीयीकरण १९७६ मध्ये झाले व तिचे रूपांतर पुढे भारत पेट्रोलियममध्ये झाले. ही जुनी नावे असलेली खरी पाटी त्या वर्षांपूर्वीचीच असते. नंबरप्लेटचेही तसेच आहे. राज्याच्या अक्षरांपुढे जिल्ह्याचा संकेतांक देण्याची आजची पद्धत १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आल्यावर रुळली. धुळ्याला १८, जळगावला १९ आणि नंदुरबारला ३९ हा संकेतांक आहे. पण नंदुरबार जिल्हाच १ जुलै १९९८ रोजी निर्माण झाल्यामुळे त्याआधीच्या शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या गाडीवर धुळ्याचाच अंक दिसतो. नवशिके संग्राहक इथे हमखास चुकतात.

इनॅमलच्या पाट्यांना मागणी वाढल्याने त्यांच्या नकलाही वाढल्या आहेत. खरी पाटी लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत भुकटी देऊन भट्टीत भाजलेली असते. प्रत्येक रंग स्वतंत्रपणे भाजला जात असल्याने अक्षरांच्या कडेवरून नख फिरवले की थर जाणवतो. टवका उडालेल्या जागी खालचा गडद थर आणि त्याखाली जुना, घट्ट बसलेला गंज दिसतो, तसेच खिळ्यांच्या भोकांभोवती वर्षानुवर्षांच्या हेलकाव्याने पडलेली झीज असते. छापील पाटी हाताला सपाट लागते, आणि मुद्दाम आणलेला गंज बोटाला लागतो. उन्हाच्या बाजूचा रंग उडालेला आणि पाठीमागे चुन्याचे किंवा मातीचे डाग असलेली पाटी पुष्कळदा चकचकीत पाटीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

या वस्तूंचा मोठा स्रोत म्हणजे भंगाराचा बाजार, आणि त्यांचा सर्वांत मोठा शत्रूही तोच आहे. पितळेचा भोंगा किंवा दिवा भंगारात वजनावर विकला जातो. वितळवणाऱ्याच्या दृष्टीने त्यात आणि फुटक्या तांब्यात फरक नसतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे सोनगीर मुंबई–आग्रा महामार्गावरच असल्याने खानदेशाला पितळेची पारख नवी नाही, मात्र भांड्याला लावायचा न्याय दिव्याला लावू नये. चिंचेने किंवा पावडरने घासून आरशासारखा केलेला कार्बाईडचा दिवा डोळ्यांना सुखावतो, पण त्यावरची कारखान्याची पुसट मोहोर, मूळ निकेलचा मुलामा आणि हाताळणीची झळाळी त्या घासण्यात कायमची जाते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ काढावी आणि तेवढ्यावर थांबावे.

जतनाच्या बाबतीत इथले हवामान मित्रही आहे व वैरीही. कोकणाच्या मानाने हवा कोरडी असल्याने पत्रा कमी गंजतो. उलट जळगाव–भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले रबर तडकते, भोंग्याचा फुगा चिकट होऊन बसतो, तर जुन्या पुस्तिकांचा कागद पिवळा पडून घडीवर तुटतो. त्यावर जाड भिंतींच्या घरातली आतली खोली हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. कागद घडी मोडून सपाट ठेवावा, त्याला प्लॅस्टिकची चिकटपट्टी कधीही लावू नये, आणि पावसाळ्यात वाळवीसाठी कपाट भिंतीपासून दूर ओढावे.

कायद्याच्या दोन बाजू संग्राहकाने ध्यानात ठेवाव्यात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकींना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला खास नोंदणी क्रमांक मिळतो. अशी नोंदणी दहा वर्षांसाठी असून तिचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि गाडीचा व्यावसायिक वापर करता येत नाही. भिंतीवर टांगलेली जुनी नंबरप्लेट मात्र निव्वळ संग्रहवस्तू आहे; ती दुसऱ्या गाडीला लावणे गुन्हा ठरतो. दुसरे असे की, शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात व अशा पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत.

वस्तूबरोबर तिची हकीकत नोंदवली नाही, तर संग्रहाचे अर्धे मोल जाते. धुळ्यातच १९२७ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले, आणि घरोघरच्या माळ्यांवरून, दप्तरांतून जमा केलेल्या कागदांना त्या परंपरेने प्रतिष्ठा मिळवून दिली. मोटारयुगाचे कागद अजून रद्दीत जात आहेत, ही खेदाची गोष्ट आहे. पाटी कोणत्या गावच्या पंपावरून उतरवली, पुस्तिका कोणत्या ट्रॅक्टरबरोबर आली, भोंगा कोणत्या मार्गावरच्या मोटारीचा होता, ही माहिती वस्तू हाती येते त्याच दिवशी लिहून ठेवावी. निवृत्त ड्रायव्हर, क्लीनर व फिटर यांच्याशी अहिराणीतच बोलावे, कारण सुट्या भागांची त्यांनी ठेवलेली बोलीतली नावे कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत सापडत नाहीत. वस्तूला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर ही नावे, गाव आणि तारीख शिसपेन्सिलीने लिहितात. शाई उष्णतेने व ओलाव्याने उडते, शिसपेन्सील टिकते.